शिवणीला सागवानी रंग कशासाठी?

आपल्याकडे घरातील लाकडी सामान तांबूस-तपकिरीच असावयाचे, हा समज इतका रूढ झाला आहे की, सुतार शिवणीचे किंवा हेदूचे फिकट, दुधावरच्या सायीच्या वर्णाचे कपाट घडवून उभे करतो, तेव्हा तो वर्ण राखावा की झाकावा हा प्रश्न घरमालकाला पडतच नाही. पॉलिशवाला येतो, चॉक पावडरीत थोडी पिवडी आणि थोडा गेरू कालवून लाकडाच्या रंध्रांत चोळतो, वर रंगीत पॉलिशचे दोन-तीन हात देतो, आणि ज्या लाकडाला स्वतःचे रूप होते त्याचे ते रूप कायमचे झाकले जाते. या रिवाजाला माझी स्पष्ट हरकत आहे. फिकट लाकूड फिकटच ठेवावे. आणि त्यावर कोणता पारदर्शक थर द्यावयाचा, याचा निर्णय पॉलिशवाल्याच्या सवयीवर न सोपवता घरमालकाने स्वतः माहिती घेऊन, पहिल्या दिवसाच्या झळाळीपेक्षा पाच वर्षांनंतरच्या वर्णाकडे लक्ष ठेवून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सागवानाची प्रतिष्ठा निराधार नाही. त्याच्या अंगी नैसर्गिक तेल आहे, वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही, आणि पावसापाण्याला ते दीर्घकाळ टिकते. परंतु एका लाकडाच्या लौकिकामुळे दुसऱ्याचे गुण दिसेनासे व्हावेत, हे काही न्यायाचे नव्हे. शिवण वजनाला हलकी, रंध्याखाली मऊ, आणि एकदा नीट वाळली की फारशी वाकत-पिळत नाही. हेदूचे लाकूड पिवळसर आणि इतक्या बारीक, एकजीव पोताचे की एके काळी कापडगिरण्यांना लागणाऱ्या बॉबिनी त्याच्यापासून करीत. केरळातील रबराची झाडे २५ ते ३० वर्षांनी चीक देईनाशी झाली म्हणजे तोडली जातात, आणि त्यांचे पांढुरके लाकूड बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणाने कीडप्रतिबंधक करून देशभरच्या फर्निचरच्या दुकानांत येते. अॅश, मेपल, बीच यांचे पातळ व्हिनियर तर शहरांतील नव्या सदनिकांत सर्रास दिसू लागले आहेत. कर्नाटकातील चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर काळ्या कुड्याचे हस्तिदंती वर्णाचे लाकूड मुद्दाम निवडतात. चरकावर फिरणाऱ्या त्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि खाली पांढरी भूमी असल्यामुळेच तिचा रंग उजळ दिसतो. त्या कारागिरांना फिकटपणा ही लाकडाची उणीव वाटत नाही. आपल्या दिवाणखान्यातच ती उणीव का ठरावी?

आता मूळ प्रश्नाकडे वळताना एक गोष्ट प्रारंभीच मान्य केली पाहिजे, ती ही की, वर काहीही लावले नाही तरी फिकट लाकूड जन्मभर फिकट राहत नाही. लाकडाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा लिग्निन नावाच्या द्रव्याचा असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे द्रव्य शोषून घेते, त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पिवळट संयुगे तयार होतात, आणि खिडकीची काच या किरणांपैकी आखूड लांबीचे तेवढे अडवून बाकीचे बव्हंशी आत सोडते. फिकट लाकडाच्या कपाटावर एखादी दिनदर्शिका वर्षभर टांगून ठेवावी आणि डिसेंबरअखेर उतरवावी. तिच्या मागचा चौकोन कपाट घडले त्या दिवसाचा असतो आणि भोवतालचे लाकूड मधाळ पिवळे झालेले असते, त्या दोहोंमधली सीमारेषा पट्टीने आखावी इतकी स्वच्छ दिसते. हा बदल कोणत्याही पारदर्शक लेपाने पूर्णपणे थांबत नाही. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये ज्या लेपात घातलेली असतात तो लेप बदलाचा वेग कमी करतो, एवढेच. म्हणून 'याने रंग कधीच बदलणार नाही' असे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु पिवळेपणाचा दुसरा एक भाग लाकडाचा नसून लेपाचा स्वतःचा असतो, आणि तो भाग मात्र सर्वस्वी आपल्या निवडीच्या अधीन आहे.

या निवडीत मला सर्वांत प्रिय असलेले द्रव्य म्हणजे लाख, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून मला राहवत नाही. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लक्षावधी सूक्ष्म किडे रस शोषीत बसतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच रचतात; ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्र्यांच्या रूपात बाजारात येते, तीच आपली चपडी. झारखंडाच्या जंगलांत तिचे पीक मोठे आहे, आणि रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या याच लाखेच्या असत, आणि औषधाच्या गोळ्यांना व मिठाईला चकाकी देण्यासाठी ती आजही वापरली जाते. म्हणजे पूर्ण वाळलेल्या लाखेचा थर अंगालाच काय, पोटालाही अपाय करीत नाही. पाळणा, खेळणी, देवघर यांना मला दुसरे काही सुचत नाही ते याचमुळे. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवावी, मलमलीच्या तुकड्यात कापूस गुंडाळून बोळा करावा, आणि तो लाकडावर न थांबता, वर्तुळाकार व आठाच्या आकड्यासारखा फिरवीत राहावे: बोळा जिथून गेला तिथे क्षणभर ओलसर धुके उमटते आणि पुढच्याच क्षणी विरते, आणि असे पातळ थर एकावर एक चढत गेले म्हणजे लाकडाच्या रेषा आतून उजळल्यासारख्या वर येतात. ही कला शिकलेले हात अजून जुन्या पेठांतून सापडतात, आणि त्यांना काम मिळत राहिले पाहिजे.

मात्र फिकट लाकडासाठी कोणतीही चपडी चालत नाही. नारिंगी चपडी लाकडावर सरळ अंबर वर्ण चढवते. सागाला तो शोभतो, शिवणीला शोभत नाही. येथे विरंजित, म्हणजे रंग काढून टाकलेली, आणि मेणविरहित लाख मागून घ्यावी. नैसर्गिक लाखेत शेकडा चार-पाच भाग मेण असते. ते काढल्याने थर पाण्याला अधिक दाद देईनासा होतो, आणि पुढे त्यावर दुसरा कोणता लेप द्यावयाचा झाल्यास तोही नीट धरतो. विरंजित लाखेचा एक दोष असा की ती फार दिवस टिकत नाही. साठवणीत पडून राहिली की स्पिरिटमध्ये विरघळेनाशी होते, आणि विरघळवून ठेवलेले जुने द्रावण लाकडावर चिकट राहते, वाळून कडक होत नाही. त्यामुळे पॉलिशवाल्याने आणलेल्या बाटलीतले चार थेंब काचेवर टाकून, दुसऱ्या दिवशी त्यावर नख दाबून पाहणे हा शहाणपणाचा शिरस्ता होय. आणि लाखेचा थर उष्णतेला व मद्यार्काला हळवा आहे, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. गरम चहाचा कप बशीविना ठेवला की पांढरे कडे उमटते. जेवणाच्या मेजाला म्हणून लाख देऊ नये. पुस्तकांचे कपाट, आरशाची चौकट, कपड्यांची पेटी यांना अवश्य द्यावी. थर जीर्ण झाला तर तो घासून काढावा लागत नाही, नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. ही सोय दुसऱ्या फारच थोड्या लेपांत आहे.

जवसाच्या तेलाची शिफारस करणारे पुष्कळ भेटतात, आणि गडद लाकडावर त्याची शोभा मी मान्य करतो. फिकट लाकडावर ते देऊ नये. ते लावताच लाकूड गडद होते, पुढे वर्षागणिक पिवळे होत जाते, आणि कपाटाच्या आतल्या बाजूसारख्या अंधाऱ्या जागी तर हा पिवळेपणा उजेडातल्यापेक्षा अधिक वाढतो. त्यातून, तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टोपलीत टाकल्या तर तेल हवेतील प्राणवायू शोषताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने त्या आपोआप पेट घेऊ शकतात. ज्यांना हे तेल वापरावयाचेच असेल त्यांनी त्या चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. डेन्मार्कमध्ये बीच आणि अॅश यांच्या खुर्च्यांना साबणाच्या चुऱ्याचे पाणी चोळून त्यांचा फिकटपणा राखण्याची जुनी पद्धत आहे, आणि त्या खुर्च्या फार देखण्या दिसतात. पण आपल्या स्वयंपाकघरात हळद आहे. साबणाने मुरलेल्या लाकडावर आमटीचा एक थेंब पडला की हळदीतील रंगद्रव्य साबणाच्या क्षारधर्माने पिवळ्याचे तांबडे होते आणि रंध्रांत शिरून बसते. जी पद्धत त्या देशाच्या ताटाला मानवली ती आपल्या ताटाला मानवेलच असे नाही.

नायट्रोसेल्युलोजचे लॅकर, ज्याला कारागीर एन. सी. म्हणतात, आणि मेलामाइन ही दोन पॉलिशे आपल्या बाजारात सर्वाधिक प्रचलित आहेत. पहिले मिनिटांत वाळते, स्वस्त पडते, आणि उजेडात हळूहळू पिवळे होते. दुसरे कणखर असते, मेजावर पाणी सांडले तरी त्याला सहसा काही होत नाही. पण ते आम्लाच्या साहाय्याने घट्ट होणारे असल्यामुळे त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडत राहतो, डोळे चुरचुरतात, आणि काळाने तेही पिवळसर छटा धरते. काम झटपट उरकते म्हणून कारागिराला ती प्रिय असतील, त्याला मी दोष देत नाही; परंतु फिकट लाकडाच्या मालकाने ही दोन्ही नाकारावीत.

पॉलियुरेथेन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले पी. यू., याविषयी मात्र बारकाईने बोलणे अवश्य आहे, कारण येथेच ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल होते. १९३७ मध्ये ऑटो बायर यांनी जर्मनीत लेव्हरकुझेन येथे या द्रव्याचे रसायन प्रथम सिद्ध केले. आज लाकडावर वापरले जाणारे पी. यू. बहुधा दोन डब्यांत येते, एकात मूळ राळ आणि दुसऱ्यात हार्डनर, आणि वर्णाचा सगळा मामला त्या दुसऱ्या डब्यावर ठरतो. हार्डनर अॅरोमॅटिक जातीचा असेल तर त्याच्या रेणूतील कडी प्रकाशाने बदलून रंगीत संयुगे होतात, आणि दोन-तीन वर्षांत मेपलचे कपाट जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाकडे झुकते. हार्डनर अॅलिफॅटिक जातीचा असेल तर हा बदल जवळजवळ होत नाही. दोन्ही जातींच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत पी. यू. असेच लिहिलेले असते, दोन्ही पहिल्या दिवशी सारखीच दिसतात, आणि पहिले दुसऱ्यापेक्षा स्वस्त असते. लेप आरपार दिसतो म्हणून त्याला पुढे रंग येणार नाही, असे मुळीच नव्हे. उत्पादकांनी हा तपशील लहान टाइपातल्या पत्रकात न ठेवता डब्याच्या दर्शनी भागावर मराठीत छापला पाहिजे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापणे सक्तीचे आहे, मग ज्या मालाचा परिणाम घरात वीस वर्षे दिसावयाचा त्याच्या स्वभावाविषयी मौन का? शिवाय हार्डनरातील आयसोसायनेट फवाऱ्याबरोबर श्वासात गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून बंद खोलीत फवारा मारणारा मजूर पाहिला की त्या चकचकीत दाराची खरी किंमत डोळ्यांसमोर उभी राहते. योग्य मुखवटा आणि खेळती हवा यांची तजवीज करणे ही काम देणाऱ्याचीही जबाबदारी आहे.

या सर्वांचा विचार करून घरच्या वापरातील फिकट मेज, खुर्च्या व कपाटे यांसाठी माझे मत पाण्यावर आधारित अॅक्रिलिक किंवा पी. यू. लेपाच्या बाजूने पडते. तो डब्यात दुधासारखा पांढरा दिसतो, वाळल्यावर रंगहीन होतो, आणि वर्षे गेली तरी स्वतःहून पिवळा होत नाही. त्याला वास कमी, आगीचे भय जवळजवळ नाही. त्याच्यावर आक्षेप असा घेतला जातो की तो लाकडाला निर्जीव ठेवतो, तेलकट लेपांसारखी ऊब देत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचा उपाय सोपा आहे. आधी मेणविरहित विरंजित लाखेचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे रेषा खुलतात, आणि मग वर पाण्याचा लेप द्यावा. पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून केवळ पाण्याचाच लेप देणाऱ्याने प्रथम ओल्या फडक्याने पृष्ठभाग पुसून, वाळू देऊन, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलका हात फिरवावा. जेथे वापर अतिशय कठोर आहे, उदाहरणार्थ खाणावळीची मेजे, तेथे अॅलिफॅटिक पी. यू.चा खर्च सार्थ होतो.

पूर्वतयारीत फिकट लाकूड कोणतीही कसूर माफ करीत नाही. सागावर जो ओरखडा दिसत नाही तो शिवणीवर पहिल्या हातासरशी उमटतो. पेन्सिलची खूण राहिली तर ती कायमची राहते. काळ्या वॉटर पेपरचा काळा चुरा उघड्या रंध्रांत बसतो आणि मग निघत नाही, म्हणून या लाकडावर तो वापरू नये. लोखंडी तारकूस घासून वर पाण्याचा लेप दिला तर राहिलेले कण गंजून तांबडे ठिपके पडतात. रंध्रे भरावयाची असल्यास भरण रंगहीन असावे. मॅट झळाळी हवी असेल तर सगळे हात मॅटचे देऊ नयेत, कारण मॅट करणारी सिलिकाची भुकटी थरागणिक साचून लाकडावर धूसरपणा येतो. खालचे हात चकचकीत द्यावेत आणि शेवटचा तेवढा मॅट.

हवामानाचा विचार तर आपल्याकडे होतच नाही. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत एन. सी. लॅकरचे द्रावक झपाट्याने उडून पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प जमते आणि थर पांढरा धुरकट होतो. लाखेलाही हाच उपद्रव होतो, आणि पाण्याचा लेप तर वाळण्यास भलतीच दिरंगाई करतो. उलट नागपुरात मेच्या उन्हात पारा ४२-४३ अंशांवर असताना तोच लेप कुंचला उचलण्यापूर्वी वाळू लागतो आणि कुंचल्याचे माग राहतात. तेथे काम पहाटे करावे. भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. २८७ हे मानक हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून कोणत्या कामाच्या लाकडात किती ओल चालेल ते ठरवून देते, परंतु वखारीतून लाकूड उचलताना ओल मोजून घेणारा ग्राहक क्वचितच भेटतो. चतुर्थीपूर्वी घर सजावे ही इच्छा मी समजू शकतो. तरीही कोकणपट्टीत हे काम दिवाळीनंतरच घ्यावे, असे मी म्हणेन.

जुन्या सामानावर नवा हात द्यावयाचा असेल तर खालचा थर कोणता ते आधी ओळखावे. झाकलेल्या कोपऱ्यावर कापसाने स्पिरिट लावावे. थर चिकट झाला तर ती लाख. झाला नाही तर लॅकरचे थिनर लावून पाहावे. त्याने मऊ पडले तर एन. सी. दोहोंना जुमानले नाही तर मेलामाइन किंवा पी. यू., आणि मग ते घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. व्हिनियरची जाडी मात्र बहुधा अर्धा मिलिमीटरच असते. तेथे घासण्यास फार वाव नसतो, म्हणून व्हिनियरवरचा पहिला निर्णय हाच बहुतेक शेवटचा असतो.

व्यवहाराची बाजू राहिली. पॉलिशवाल्याला बयाणा देण्यापूर्वी त्याच लाकडाच्या उरलेल्या फळीवर दोन-तीन लेपांचे पट्टे काढून घ्यावेत, प्रत्येक पट्ट्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा, आणि ती फळी पश्चिमेच्या खिडकीत निदान महिनाभर ठेवावी. पुठ्ठा काढला की जे दिसते ते कोणत्याही विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा अधिक विश्वसनीय असते. महिनाभर थांबणे पुष्कळांना जड जाईल. परंतु लाकूड आणण्यात, सुताराची वाट पाहण्यात याहून अधिक काळ जातोच, आणि ही फळी सुताराचे काम चालू असतानाच खिडकीत ठेवता येते. कामाच्या अंदाजपत्रकात केवळ 'पॉलिश' असा मोघम शब्द चालवून घेऊ नये: लेपाचे पूर्ण नाव, हार्डनरची जात, हातांची संख्या आणि झळाळी मॅट की चकचकीत, एवढा तपशील लेखी घ्यावा, आणि डबे आपल्यासमोर उघडावेत. काम पुरे झाल्यावर ती नमुन्याची फळी मागे लेपाचे नाव व तारीख लिहून कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवून द्यावी, म्हणजे पुढे दुरुस्तीला येणाऱ्या कारागिराला मूळ वर्ण कोणता होता आणि त्यावर काय दिले होते, हे तिच्यावरून आणि पावतीवरून कळेल.